पेपर मोजताय, तर ब्लँकही मोजा

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत, म्हणजे वीज आणि रासायनिक रिॲक्शन यांच्या नात्यावर, रिसर्च करणाऱ्या माणसाचं करिअर बाहेरून बघितलं तर सरळ रेषेत दिसतं, पीएचडी, मग एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक कराराची रिसर्चची कामं, मग नोकरी, मग स्वतःची लॅब आणि विद्यार्थी. या सगळ्याला जोडून ठेवणारी एक यादी असते, पेपरांची. तुम्ही कुठेही जा, ही यादी तुमच्या आधी तिथे पोचलेली असते. इंटरव्ह्यूला तुम्ही खुर्चीत बसायच्या आत समोरच्यांनी ती चाळलेली असते, किती पेपर, कुठल्या जर्नलमध्ये, सायटेशन किती म्हणजे दुसऱ्यांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, आणि पेपर आणि सायटेशन यांवरून निघणारा एच-इंडेक्स किती. मला एकच गोष्ट म्हणायची आहे आणि ती मी बरीच वर्षं मनात घेऊन फिरतेय: आमच्या विषयात चुकीचा रिझल्ट मिळणं फार सोपं आहे, तो चुकीचा आहे हे शोधून काढणं फार कष्टाचं आहे, आणि करिअर मोजायची जी पद्धत आपण लावून घेतलीये ती पहिल्या गोष्टीला बक्षीस देते आणि दुसरीसाठी माणसाला मागे टाकते.

हे पटायला लॅबमध्ये नेमकं काय चालतं ते थोडं माहीत हवं. एका काचेच्या भांड्यात, म्हणजे सेलमध्ये, इलेक्ट्रोलाइट म्हणजे वीज वाहू देणारं द्रावण असतं, त्यात तीन इलेक्ट्रोड. वर्किंग इलेक्ट्रोडवर आपल्याला जी रिॲक्शन बघायची ती घडते, रेफरन्स इलेक्ट्रोडच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात, आणि काउंटर इलेक्ट्रोड सर्किट पूर्ण करतो. पोटेन्शियोस्टॅट नावाचं यंत्र व्होल्टेज सांभाळतं आणि किती करंट वाहिला ते दाखवतं. बस. करंट म्हणजे इलेक्ट्रॉन किती गेले एवढंच, ते कुणी घेतले आणि कशासाठी घेतले हे त्या स्क्रीनवर लिहिलेलं नसतं. तुमच्या कॅटॅलिस्टने, म्हणजे रिॲक्शन सोपी करणाऱ्या पदार्थाने घेतले, की पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनने, की रसायनाच्या बाटलीत आधीपासून असलेल्या अशुद्धीने, ते तुम्हालाच शोधावं लागतं. आणि ते शोधायचा पहिला मार्ग म्हणजे ब्लँक. सगळं अगदी तसंच ठेवायचं, फक्त ज्याची परीक्षा घेतोय ती एक गोष्ट काढून टाकायची, आणि परत मोजायचं. काढून टाकल्यावरही करंट तेवढाच आला तर तुमचा शोध शोध नव्हता.

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. ॲसिडमध्ये हायड्रोजन तयार करणारा, प्लॅटिनम न वापरता केलेला कॅटॅलिस्ट हा माझा विषय होता. एक सॅम्पल असं निघालं की पहिल्या दिवशी साधारणच होतं पण रोज सुधारत होतं, रात्रभर चालवून सकाळी बघितलं की करंट आणखी वर. आम्ही त्याला ॲक्टिव्हेशन म्हणायला लागलो, त्याचं कारण काय असेल यावर चर्चा झाल्या, मायक्रोस्कोपचे फोटो काढले, ड्राफ्टचा पहिला भाग लिहूनही झाला. मग ग्रुप मीटिंगमध्ये एक सीनियर दीदी होत्या, त्यांनी स्लाइडकडे बघत एवढंच विचारलं, "काउंटर काय लावलायस गं?" प्लॅटिनमची तार, मी म्हटलं, सगळेच तीच लावतात. त्या म्हणाल्या, "एकदा ग्रॅफाइटचा रॉड लावून बघ." लावला. तीन दिवस चालवला आणि करंट जागचा हलला नाही, पहिल्या दिवशी होता तिथेच राहिला. साडेतीन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं. काउंटरवरचं प्लॅटिनम ॲसिडमध्ये हळूहळू विरघळत होतं, इलेक्ट्रोलाइटमधून या बाजूला येत होतं आणि माझ्या प्लॅटिनम नसलेल्या कॅटॅलिस्टवर बसत होतं, वाढणारा करंट त्या प्लॅटिनमचा होता. किती लागतं त्याला? एका चौरस सेंटीमीटरवर प्लॅटिनमचा एका अणूइतका जाड थर बसायला सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम पुरतो. डोळ्याला तर सोडाच, साध्या वजनकाट्यालाही ते कळत नाही.

ही काही मी शोधून काढलेली नवी गोष्ट नव्हती, जाणकारांना आधीपासून माहीत होती. पण मला सांगायचंय ते पुढचं. त्या साडेतीन महिन्यांत मी जे शिकले ते माझ्या अख्ख्या पीएचडीत शिकलेल्यातलं सगळ्यात महत्त्वाचं होतं, आणि थिसिसमध्ये त्याला दोन ओळी मिळाल्या, सीव्हीमध्ये शून्य. त्याच काळात प्लॅटिनमची तार लावूनच केलेले, तसेच दावे करणारे पेपर छापून येत होते. ज्यांनी काउंटर बदलून बघितला नाही त्यांच्या यादीत एक पेपर वाढला. ज्यांनी बघितला त्यांच्या यादीत काहीच वाढलं नाही. हिशोब इतका साधा आहे, आणि असा हिशोब एका माणसाच्या बाबतीत एकदा झाला तर त्याला नशीब म्हणता येईल, पण अख्ख्या विषयात वर्षानुवर्षं असाच होत राहिला तर कोण टिकतं आणि कोण बाहेर पडतं ते त्यावरून ठरायला लागतं.

निकेलचं उदाहरण तर याहून मोठं आहे. पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन काढायला अल्कधर्मी द्रावणात निकेलचा इलेक्ट्रोड चांगला चालतो असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. १९८७ साली डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं की द्रावणात लोखंडाची अगदी किंचित अशुद्धी, दहा लाखात एक भाग इतकी असली तरी निकेल ऑक्साइडची ही क्षमता बरीच वाढते. आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीत तेवढं लोखंड सहज असतं, चांगल्या ग्रेडच्या बाटलीतसुद्धा. तरीही लोखंड काढून न टाकता केलेली मोजमापं पुढची कितीतरी वर्षं निकेलच्या नावावर जमा होत राहिली. २०१४ मध्ये शॅनन बोएचर यांच्या गटाने लोखंड काळजीपूर्वक काढून टाकलेल्या द्रावणात मोजून दाखवलं की शुद्ध निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड हा खरं तर अगदीच सुमार कॅटॅलिस्ट आहे, तेव्हा कुठे सगळ्यांनी त्याकडे नीट लक्ष दिलं. मधली सत्तावीस वर्षं धरा. द्रावण शुद्ध करायची पद्धत काही फार अवघड नाहीये, शुद्ध निकेल हायड्रॉक्साइड त्यात ढवळायचं, ते लोखंड ओढून घेतं, मग वरचं स्वच्छ द्रावण काढून घ्यायचं. दोन-तीन दिवसांचं काम. पण ते करून तुमचा आकडा खराब होतो, आणि खराब आकडा घेऊन पेपर कुठे पाठवणार?

अमोनियाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे हे सगळं एका जागी दिसतं. जगात खतासाठी अमोनिया हाबर-बॉश पद्धतीने बनतो, प्रचंड दाब आणि तापमान लागतं, आणि त्यासाठीचा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो. त्याऐवजी साध्या तापमानाला, पाण्यात, विजेवर हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करता आला तर किती मोठी गोष्ट होईल! स्वप्न खरोखर चांगलं आहे आणि त्यामागे लागणाऱ्यांना मी कधी नावं ठेवणार नाही. पण आकडे बघा. समजा तुमच्या सेलमध्ये १० मायक्रोॲम्पिअर करंट तासभर अमोनिया बनवायला वापरला गेला. फॅरडेच्या नियमाने हिशोब केला, ९६,४८५ कूलोंबला एक मोल इलेक्ट्रॉन आणि अमोनियाच्या एका रेणूला तीन इलेक्ट्रॉन, तर तयार झालेला अमोनिया होतो साधारण २ मायक्रोग्रॅम. आता अमोनिया कुठे कुठे असतो? लॅबच्या हवेत असतो, आपल्या श्वासात असतो, हातमोज्यांवर असतो, सेलच्या मधल्या मेम्ब्रेनमध्ये आधीच्या प्रयोगातला अडकून बसलेला असतो, नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये नायट्रोजनची ऑक्साइडं असतात आणि त्यांचा अमोनिया तर फारच सहज होतो. म्हणजे जे शोधायचंय तेवढंच, कधी त्याहून जास्त, आधीपासून भोवती पसरलेलं आहे.

यावर उपाय आहे. नायट्रोजन-१५ हा जड समस्थानिक वापरायचा, आणि तयार झालेल्या अमोनियात तोच नायट्रोजन आलाय का ते एनएमआर या समस्थानिक ओळखू शकणाऱ्या तंत्राने बघायचं, शिवाय तो गॅससुद्धा आधी स्वच्छ करून घ्यायचा कारण त्याच्यातही अशुद्धी असते, शिवाय नायट्रोजनऐवजी आर्गॉन वायू सोडून ब्लँक, शिवाय करंट बंद ठेवून ब्लँक. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये अनेक गटांनी मिळून हीच शिस्त मांडणारा पेपर लिहिला, आणि त्या कसोटीवर त्यांनी तपासलेल्यांपैकी लिथियमच्या मदतीने, सेंद्रिय द्रावकात होणारी पद्धतच खरी उतरली, पाण्यातले धातूंचे इलेक्ट्रोड उतरले नाहीत. त्याआधी पाण्यातल्या अमोनियाचे पेपर धडाधड येत होते, आणि त्या पेपरांवर माणसांना नोकऱ्या लागल्या, बढत्या मिळाल्या, ग्रँट मिळाल्या. त्यातले बहुतेक लोक प्रामाणिकच असतील, मला त्याबद्दल शंका नाही. खोटेपणा आणि घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण घाई कुणी लावली ते विचारायला नको का?

घाई मोजमापाने लावली. २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला, एका आकड्यात माणसाचं काम. सोयीचं होतं म्हणून सगळीकडे पसरला. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, तर मुळात जर्नलसाठी होता, तो माणसांच्या कपाळावर चिकटवला गेला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काही संपादक-प्रकाशक एकत्र आले आणि त्यांनी एक जाहीरनामा तयार केला, त्याला थोडक्यात डोरा म्हणतात, २०१३ मध्ये तो जाहीर झाला, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की नोकरी, बढती, निधी देताना जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची पारख करू नका. हजारो संस्थांनी आणि माणसांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सही करणं सोपं असतं. अर्जाचा फॉर्म बदलणं, त्यातला "एकूण पेपर" हा रकाना काढणं, तिथे गाडी अडते.

आणि या मोजमापाचा आमच्या विषयावर जो परिणाम होतो तो इतर काही विषयांपेक्षा जास्त आहे असं मला वाटतं, कारण आमच्याकडे पेपर तयार करण्याची एक ठरलेली वाट पडून गेलीये. एक पदार्थ घ्या, त्यात दुसरा मिसळा, इलेक्ट्रोडवर लावा, मोजा, आधीच्या पाच पेपरांशी तुलना करणारा तक्ता टाका. पिरिऑडिक टेबल मोठं आहे, मिसळायला काहीच कमी नाही. २०२० मध्ये मार्टिन पुमेरा यांच्या गटाने ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरात, चक्क पक्ष्यांची विष्ठा घालून मोजलं आणि तेही साध्या ग्राफीनपेक्षा चांगलं कॅटॅलिस्ट निघालं. ऐकायला टिंगल वाटते, पण प्रश्न गंभीर होता: काहीही घातल्यावर आकडा सुधारतच असेल तर त्या सुधारण्यातून आपल्याला कळलं काय?

आता वेळेबद्दल. बॅटरीवर काम करणाऱ्यांचा हिशोब बघा. समजा एका बॅटरीत प्रत्येक सायकलला, म्हणजे एकदा चार्ज करून वापरल्यावर, ९९.९ टक्के चार्ज परत मिळतो. ऐकायला उत्तम. पण तो एक दशांश टक्का दर वेळी गळत राहिला तर हजार सायकलनंतर उरतो सुमारे ३७ टक्के. तेच ९९.९९ टक्के असेल तर हजारानंतर ९० टक्के उरतो. म्हणजे बॅटरी चांगली की टाकाऊ हे ठरवणारा फरक दहा हजारात नऊ भागांचा आहे, आणि तो फरक बघायला एक तर खूप अचूक यंत्र पाहिजे नाहीतर खूप वेळ. दिवसाला एक सायकल धरली तर हजार सायकलला पावणेतीन वर्षं लागतात. तीन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये हे कसं बसवायचं? सेल बनवायला शिकण्यातच पहिलं वर्ष जातं. मग होतं काय, करंट वाढवून सायकली भराभर उरकतात, दोनशे सायकलींचा आलेख टाकतात, "उत्कृष्ट स्थिरता" लिहितात. वेगाने चालवलेल्या सेलमध्ये वयाने होणारी झीज दिसतच नाही, कारण त्या झिजेला घड्याळ लागतं, सायकल लागत नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने हा तिढा सोडवायला फार अचूक मोजणारे चार्जरच स्वतः बांधले, म्हणजे थोड्या सायकलींतही गळती पकडता येईल. असं यंत्र बांधायला जी वर्षं जातात तेवढ्यात वर सांगितलेल्या वाटेने कितीतरी पेपर होतात. पण ती यंत्रं नसती तर बॅटरी किती वर्षं टिकेल याबद्दल आज आपण बरंचसं अंदाजाने बोलत असतो.

थोर लोकांच्या गोष्टी इथे सांगायची पद्धत आहे, आणि मीही एक सांगणार आहे, पण जपून. यारोस्लाव्ह हेरॉव्स्की प्राग शहरात पाऱ्याच्या थेंबांवर काम करत होते. १९१८ मध्ये त्यांच्या डॉक्टरेटच्या परीक्षेत परीक्षक कुचेरा यांनी पाऱ्याच्या पृष्ठताणाच्या मोजमापात येणाऱ्या एका विचित्रपणाकडे त्यांचं लक्ष वेधलं. मग पुढची वर्षं थेंब पाडायचे, वजन करायचे, मोजायचे, हेच. शेवटी १९२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी थेंबातून जाणारा करंट मोजला, आणि त्यातून पोलॅरोग्राफी जन्माला आली. द्रावणात काय आहे आणि किती आहे ते करंटच्या पायऱ्यांवरून वाचता यायला लागलं, आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाऱ्याचा थेंब का भारी होता माहितीये? कारण दर काही सेकंदांनी जुना थेंब पडून जातो आणि नवा, कोरा, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. आधीच्या मोजमापाची घाण पुढच्यात येत नाही. पद्धतीच्या पोटातच स्वच्छता होती.

जपून अशासाठी म्हटलं की अशा गोष्टींतून "खऱ्या प्रतिभेला वेळ द्या" असा अर्थ काढला जातो आणि मग वेळ फक्त आधीच मोठं नाव असलेल्यांना मिळतो. नाव मोठं असणं म्हणजे तपासणीतून सूट नव्हे. मार्टिन फ्लाइशमन हे खरोखर मोठे इलेक्ट्रोकेमिस्ट होते, चांदीच्या खरबरीत इलेक्ट्रोडवर रामन सिग्नल, म्हणजे रेणू ओळखायला उपयोगी पडणारा विखुरलेला प्रकाश, प्रचंड वाढतो हे १९७४ मध्ये पहिल्यांदा बघणाऱ्यांपैकी ते एक, आणि त्यातून पुढे एक अख्खं क्षेत्र उभं राहिलं. त्याच फ्लाइशमन यांनी स्टॅन्ली पॉन्स यांच्याबरोबर २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठात पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की जड पाण्यात पॅलॅडियमचा इलेक्ट्रोड ठेवून त्यांना अणुसंमीलनाची उष्णता मिळाली. आणि लोकांनी लगेच विचारलेला प्रश्न कुठला होता? साध्या पाण्यात करून बघितलं का? ब्लँक कुठे आहे? त्यांच्या पहिल्या पेपरात तो धड नव्हता. पुढे काही महिन्यांत बहुतेकांना तो परिणाम मिळेना आणि दावा कोसळला. मला या गोष्टीचं वाईट वाटतं, मनापासून वाटतं, कारण इतकं चांगलं काम केलेल्या माणसाचं नाव आज बहुतेक लोकांना फक्त त्या एका दिवसामुळे माहीत आहे.

आता जो आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो त्याकडे येते, आणि तो खोटा नाहीये. लोक म्हणतात, मॅडम, आकडे काढून टाकले तर निवड कशावर होणार? ओळखीवर. गाईड कोण, कुठल्या लॅबमधून आला, कोण कोणाला फोन करणार, यावर. आकडा निदान सगळ्यांना सारखा असतो, ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्यालाही तो हात देतो. हे मी मान्य करते. माझ्याही पाठीशी कुणी नव्हतं, आणि माझी यादी नसती तर मला पहिल्या फेरीतच बाहेर काढलं असतं. म्हणून आकडे फेकून द्या असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतेय की जे मोजताय त्यात तपासणीचं कामही धरा. अर्जात माणसाला त्याचे तीनच पेपर निवडायला सांगा आणि ते कुणीतरी खरोखर वाचा. प्रत्येकाबरोबर कच्चा डेटा आणि ब्लँकचे आलेख जोडायला सांगा. कुणाचा तरी आधीचा रिझल्ट परत करून बघितला आणि तो जमला किंवा जमला नाही, याचा लिहून ठेवलेला, उघडा ठेवलेला अहवाल असेल तर तो कामात धरा, पेपराइतकाच धरा. स्वतःचाच पेपर मागे घेतला असेल, प्रामाणिक चूक सापडली म्हणून, तर त्याला डाग समजू नका. यातल्या कुठल्याच गोष्टीला ओळख लागत नाही. उलट ज्याला फक्त ओळख आहे त्याला ब्लँक दाखवताना घाम फुटेल.

दुसरा आक्षेप असा की हवामान थांबणार नाही, बॅटऱ्या, हायड्रोजन, हे सगळं आत्ता पाहिजे, तुम्ही ताक फुंकत बसलात तर कसं होणार. याचं उत्तर वर येऊन गेलंय. पाण्यातल्या अमोनियावर जी वर्षं आणि जो पैसा गेला तो घाईमुळेच गेला. चुकीच्या रस्त्यावर जोरात पळणाऱ्याला लवकर पोचलेला म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र फॉर्म बदलून होणार नाही, आणि ती म्हणजे हात. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड पॉलिश करणं कधी बघितलंय का? तीन मिलिमीटर व्यासाची काळी चकती, प्लास्टिकच्या दांडीत बसवलेली. पॅडवर ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिना पावडरचा पाणीदार चिखल घ्यायचा, इलेक्ट्रोड अगदी सरळ उभा धरायचा आणि इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा फिरवत राहायचा, फार दाबायचं नाही, एका बाजूला कलू द्यायचं नाही. मग धुवायचा, सोनिकेटरमध्ये थोडा वेळ ठेवायचा, आणि फेरीसायनाइडच्या द्रावणात टाकून बघायचं की व्होल्टेज एकदा वर नेताना आणि एकदा खाली आणताना करंटची जी दोन शिखरं, म्हणजे पीक, येतात ती किती अंतरावर आहेत. आदर्श अंतर सुमारे ५९ मिलिव्होल्ट, प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास आलं तरी चालतं. शंभराच्या वर गेलं की परत घासा. नवीन मुलांचं पहिल्या आठवड्यात दीडशे येतं, ती कंटाळतात, त्यांना वाटतं यंत्र बिघडलंय. महिन्याभराने हात बसतो आणि मग घासताना नुसत्या आवाजावरून कळायला लागतं की अजून पावडरचा कण अडकलाय. हे कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिता येत नाही, ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे शेजारी उभं राहूनच जातं.

आणि ज्याच्याकडून ते जायचं तोच माणूस दोन वर्षांच्या करारावर असतो. पोस्टडॉक येतो, सेल बांधतो, गळती कुठे होते ते शोधतो, सगळं नीट चालायला लागतं आणि त्याचा करार संपतो. पुढचा येतो तो पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याच चुका परत करतो, बहुधा प्लॅटिनमच्या तारेपासूनच. मला काउंटरबद्दल विचारणाऱ्या त्या सीनियर दीदी पुढच्याच वर्षी रिसर्च सोडून गेल्या, कारण त्यांच्या यादीत पुरेसे पेपर नव्हते. पेपर नव्हते कारण त्यांचा अर्धा वेळ आम्हा बाकीच्यांच्या सेलमधल्या चुका शोधण्यात जायचा. प्रत्येक मोठ्या लॅबमध्ये अशा एका माणसासाठी कायमची जागा पाहिजे, प्राध्यापक नको, स्वतःचा ग्रुप नको, फक्त मोजमाप सांभाळणारा माणूस, आणि त्याला त्याच कामासाठी बढती मिळायला हवी. महागडं यंत्र घ्यायला निधी मिळतो, ते यंत्र खरं बोलतंय की नाही हे ओळखणाऱ्या माणसाला मिळत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

मध्यंतरी एका निवड समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसायची वेळ आली. तिथे मी प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं होतं: तुमचा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला रिझल्ट जर चुकीचा निघाला, तर तो कशामुळे चुकीचा असेल? बऱ्याच जणांनी सांगितलं की तो चुकीचा नाहीये. एक जण रागावला. एक मुलगी होती, तिची यादी सगळ्यात छोटी. ती थोडा वेळ गप्प बसली, मग उठून फळ्यावर तिने सेल काढला, तिन्ही इलेक्ट्रोड, मधली सच्छिद्र काचेची फ्रिट, गॅसची नळी, आणि एकेका ठिकाणी बोट ठेवून सांगायला लागली, इथून क्लोराइड येऊ शकतं कारण रेफरन्स सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा आहे, ते मी असं तपासलं, इथून ऑक्सिजन येऊ शकतो, ते मी असं तपासलं, आणि इथे, ती म्हणाली, इथे काय होतंय ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही, म्हणून तिसरा पेपर मी अजून पाठवलेला नाही. वीस मिनिटं ती बोलत होती आणि मी लिहून घेत होते, कारण त्यातल्या दोन गोष्टी मला स्वतःला माहीत नव्हत्या.

शेवटी गुणांची बेरीज झाली तेव्हा पेपरांच्या रकान्यात ती मागे पडली आणि पाचव्या नंबरावर गेली, जागा दोनच होत्या. मी माझं वेगळं मत लिहून दिलं, आणि त्याबरोबर एक पत्रही, की पुढच्या वेळेपासून हा प्रश्न फॉर्ममध्येच छापावा, त्याला गुण असावेत, आणि ते गुण पेपरांच्या गुणांइतकेच असावेत. पत्राची पोच आली आहे, उत्तर अजून यायचंय. तिला मी फोन करून विचारलं की क्लोराइडची तपासणी नेमकी कशी केलीस, आणि तिने आनंदाने सगळं लिहून पाठवलं, कच्च्या डेटासकट. तो कागद आता आमच्या लॅबच्या भिंतीवर, पोटेन्शियोस्टॅटच्या वर लावलाय.